बॅकयार्डमध्ये पर्पल मार्टिन: पहिल्या आगमनापासून पिल्लं उडेपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत किंवा कॅनडात नवीन घर घेतलेल्या मराठी मंडळींना शेजारच्या अंगणात उंच खांबावर टांगलेले पांढरे भोपळे दिसतात आणि कुतूहल वाटतं. ती पर्पल मार्टिनची घरं. रॉकी पर्वतांच्या पूर्वेला या पक्ष्याला घरटं करायला माणसाने टांगलेल्या घरांशिवाय जवळजवळ दुसरी जागाच उरलेली नाही, आणि खालची सगळी उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात. ज्यांना हंगामभर घर खाली उतरवून तपासायला वेळ नाही, त्यांनी ते उभारू नये. दुर्लक्षित घरात मार्टिन नांदत नाहीत, त्यांचे शत्रू नांदतात.

हा पक्षी कोणता? ओळखायचा कसा?

भिंगरीच्या कुळातला, उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा सदस्य. लांबी साधारण २० सेंटीमीटर, वजन ५० ग्रॅमच्या आसपास. नावात जांभळा रंग असला तरी प्रौढ नर चकचकीत निळा-काळा असतो, पोटाखालीही तसाच. मादीची पाठ गडद आणि पोट धुरकट राखाडी. घोटाळा होतो तो मागच्याच वर्षी जन्मलेल्या नरांबाबत. ते मादीसारखेच दिसतात, फक्त हनुवटीवर आणि छातीवर थोडी गडद पिसं तुरळक उगवलेली असतात. हा फरक डोळ्यांत भरून ठेवा, कारण नवीन अंगणात बहुधा हीच तरुण मंडळी येतात.

हे पक्षी हिवाळा दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ॲमेझॉनच्या खोऱ्यात काढतात. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियात काही मार्टिनच्या पाठीवर प्रकाशाची नोंद घेणारी छोटी यंत्रं बसवली होती. त्यातल्या एका मादीला वसंतात ब्राझीलहून परत यायला फक्त १३ दिवस लागले, असं त्या नोंदींवरून दिसलं. इतका प्रवास करून आलेल्या पक्ष्याच्या अंगात चरबी फारशी उरलेली नसते. थंडीचा प्रश्न खाली आहे, तो वाचताना हे लक्षात असू द्या.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. बॅकयार्डमध्ये भोपळे लावले तर येतील का?

बहुधा नाही. पश्चिमेकडचे मार्टिन अजून वेगळ्या सवयीचे आहेत: ॲरिझोनात सग्वारो निवडुंगाच्या ढोलीत, किनारी राज्यांत जुन्या झाडांच्या ढोलीत, सॅक्रामेंटोत तर उन्नत रस्त्यांच्या आणि पुलांच्या खालच्या भोकांत घरटी करतात. बे एरियातल्या घरामागे खांब उभारून बहुतेकदा चिमण्याच मिळतील. ही माहिती टेक्सास, जॉर्जिया, कॅरोलायना, न्यू जर्सी, मिशिगन, इलिनॉय, ओंटारियो अशा पूर्वेकडच्या भागांसाठी आहे.

ते कधी येतात?

प्रौढ पक्षी आधी, तरुण नंतर. फ्लोरिडाच्या दक्षिणेला जानेवारीतच पहिले पक्षी दिसतात. ह्यूस्टनला जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य, ऑस्टिन आणि डॅलसला फेब्रुवारी, अटलांटा आणि शार्लटला फेब्रुवारीअखेर ते मार्च, न्यू जर्सी, फिलाडेल्फिया आणि शिकागोला एप्रिलचा पहिला पंधरवडा, टोरांटो आणि मिनियापोलिसला एप्रिलचा मध्य ते अखेर. हवामानाप्रमाणे हे आठवडाभर मागेपुढे होतं. गेल्या वर्षीचे तरुण पक्षी प्रौढांच्या चार आठवड्यांनंतर यायला लागतात आणि पुढे दीड-दोन महिने येतच राहतात. एरी, पेनसिल्व्हेनियातली पर्पल मार्टिन कॉन्झर्वेशन असोसिएशन पहिल्या आगमनाच्या नोंदी गोळा करते. तुमच्या भागात कोणी पक्षी पाहिला का, हे त्या नोंदींवरून कळतं, आणि तुम्हीही आपली नोंद पाठवावी.

पहिले आलेले पक्षी टेहळणी करून मागच्यांना बोलावून आणतात, हे खरं का?

नाही. त्यांना स्काउट म्हणायची प्रथा आहे, पण ते कोणाला बोलवायला परत जात नाहीत. ते नुसते वयाने मोठे, वाट माहीत असलेले पक्षी असतात. लवकर पोचून मागच्या वर्षीची उत्तम जागा धरणं हा त्यांचा हेतू. प्रौढ मार्टिन जिथे यशस्वीपणे पिल्लं वाढवली तिथेच परततो. म्हणूनच फेब्रुवारीत तुमच्या नव्या घरावर एक निळाकाळा नर बसला, दोन रात्री राहिला आणि गेला, तर तुमचं काही चुकलं असं नाही. तो आपल्या घराच्या वाटेवर होता.

मग नवीन घर कधी उघडायचं?

सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट हीच. पहिला पक्षी आल्याची बातमी कळताच लोक उत्साहाने सगळी दारं उघडतात. मार्टिन जागा बघायला येईपर्यंत मधला महिना चिमण्यांना मोकळा मिळतो आणि त्या घर बळकावतात. नवीन जागी दारं बुचं लावून बंद ठेवा आणि तुमच्या भागात पहिले प्रौढ आल्यानंतर चार ते पाच आठवड्यांनी उघडा. टेक्सासमध्ये हा मुहूर्त साधारण गुढीपाडव्याच्या आसपास येतो, न्यू जर्सीत मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात.

जिथे मागच्या वर्षी जोड्या होत्या तिथे उलट. खांब, दोऱ्या, भोपळे आगमनाच्या आधीच तयार ठेवा आणि पक्षी प्रत्यक्ष खांबावर दिसला की आधी दोन-तीन दारं उघडा, मग पक्षी वाढतील तशी बाकीची.

जागा कुठली निवडायची?

अंगणातली सर्वांत मोकळी जागा. घरापासून ३० ते १२० फुटांच्या आत, आणि घरट्याच्या उंचीची झाडं निदान ४० फूट दूर. ६० फूट असतील तर फार बरं. माणसांचा वावर जवळ असलेला मार्टिनना आवडतो, कारण माणसाजवळ ससाणे आणि घुबडं कमी फिरकतात. झाडं मात्र त्यांना नको असतात, त्यांच्या आडून ससाणा झडप घालतो. लोकांना आपलं सावलीचं झाड सोडवत नाही म्हणून खांब कोपऱ्यात जातो आणि वर्षानुवर्षं रिकामा राहतो. उन्हाची काळजी करू नका, पांढरा रंग आणि वायुवीजन त्यासाठीच असतं. आसपास तळं असेल तर चांगलं, नसेल तरी अडत नाही.

खड्डा खणण्याआधी दोन कामं करा. अमेरिकेत असाल तर ८११ या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनींवर खुणा करून घ्या. ही सेवा मोफत आहे, पण काही दिवस आधी कळवावं लागतं. आणि एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर परवानगी लेखी घ्या. घरट्यात अंडी असताना खांब काढायची नोटीस आली तर तुम्ही दोन्हीकडून अडकता, कारण भरलेलं घरटं हलवायला कायद्याने बंदी आहे.

लाकडी किंवा ॲल्युमिनियमचं घर चांगलं की भोपळे?

नवशिक्याने भोपळे घ्यावेत, असं आमचं ठाम मत आहे. युरोपियन येण्याच्या आधीपासून चॉक्टॉ आणि चिकासॉ लोक मार्टिनसाठी पोखरलेले भोपळे टांगत आले आहेत. तो आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीचा वेल. आज प्लास्टिकचे भोपळे मिळतात, धुवायला सोपे आणि टिकाऊ. बाजूला हात जाईल एवढं झाकण असलेलाच घ्या, नाहीतर आत तपासता येणार नाही.

व्यास ८ ते १० इंच. घर घेतलंत तर प्रत्येक खोली ६ बाय १२ इंचांची हवी. जुन्या घरांत ६ बाय ६ च्या खोल्या असतात, त्यांच्या मधली भिंत काढून दोनाची एक करता येते. छोट्या खोलीत घरटं दाराजवळ येतं, पाऊस आत जातो आणि घुबडाचा पाय पिल्लांपर्यंत पोचतो. रंग बाहेरून पांढरा: ऊन परततं, आणि काळं दार लांबून उठून दिसतं.

दाराचे दोन प्रकार. गोल दाराचा व्यास २ १/८ इंच. स्टार्लिंग, म्हणजे घरटी बळकावणारा एक परदेशी पक्षी, रोखणारं दार चंद्रकोरीच्या आकाराचं: तळाशी ३ इंच रुंद, मधोमध १ ३/१६ इंच उंच. हे माप कणभरही चुकवू नका. उंची थोडी वाढली तर स्टार्लिंग आत जाते, थोडी घटली तर मोठ्या मार्टिनला जाता येत नाही. चंद्रकोरीची सपाट बाजू बाहेरच्या ओट्याशी समतल हवी, कारण पक्षी छाती घासत सरपटत आत शिरतो.

सुरुवात सहा ते बारा भोपळ्यांनी करा. मार्टिन समूहाने राहतात, एकट्यादुकट्या भोपळ्याकडे त्यांचं लक्ष जात नाही. आणि पन्नास लावून एकही तपासायला न जमण्यापेक्षा सहा नीट सांभाळलेले बरे.

खांब कसा असावा?

१२ ते १५ फूट उंचीचा, आणि सगळी चौकट सरळ खाली उतरवता येईल असा, म्हणजे कप्पी आणि हातरहाटाचा किंवा दोरीने वर ओढायचा. जमिनीवर आडवा करावा लागणारा खांब घेऊ नका. तो आडवा केला की अंडी गडगडतात आणि घरटी सांडतात.

पायासाठी १० ते १२ इंच रुंद आणि २ फूट खोल खड्डा, त्यात पायाची नळी लेव्हल लावून उभी करायची आणि काँक्रीट भरायचं. ५० पौंडांच्या तीन ते चार पिशव्या लागतात. बर्फाच्या प्रदेशात गोठणाऱ्या थराच्या खालपर्यंत खणा, नाहीतर दोन हिवाळ्यांत खांब कलतो. काँक्रीट दोन दिवस सुकू द्या, मगच वजन चढवा. खांबावर उत्तर दिशेची खूण करून ठेवा. चौकट खाली आणून परत वर नेताना ती त्याच दिशेला राहिली पाहिजे. ती फिरली तर पक्षी चुकीच्या भोपळ्यात शिरतात आणि मारामाऱ्या होतात.

आत काय घालायचं?

इंचभर सुक्या पाइनच्या सुया किंवा सीडरच्या लाकडाचे पातळ काप. भुसा नको, तो ओला झाला की गच्च बसतो. पुढचं काम मार्टिन स्वतः करतात: काड्या, दाराशी चिखलाचा बांध, आणि अंडी घालायच्या सुमारास झाडांची ताजी हिरवी पानं. पानं आत दिसली की अंडी लवकरच येणार असं समजा.

पहाटेच्या गाण्याचं रेकॉर्डिंग लावल्याने खरंच फायदा होतो का?

होतो, आणि नवीन जागेसाठी हा सर्वांत उपयोगी उपाय आहे. प्रौढ नर उजाडण्याच्या दोन-तीन तास आधी उंच आकाशात चकरा मारत गातात, आणि ते ऐकून जागा शोधणारे तरुण पक्षी खाली उतरतात. म्हणून रेकॉर्डिंगही पहाटे ४ च्या सुमारास सुरू करून उजाडल्यावर बंद करायचं, तेही तरुण पक्षी यायला लागल्यावर. दिवसा तेच लावून ठेवण्यात अर्थ नाही; दिवसासाठी किलबिलाटाचं वेगळं रेकॉर्डिंग मिळतं. स्पीकर खांबाजवळ, तोंड आकाशाकडे. शेजाऱ्यांना आधी सांगा. सोबत एक-दोन प्लास्टिकचे नकली मार्टिन चौकटीवर बसवले तर लांबून वस्ती असल्यासारखी दिसते.

चिमण्यांना हुसकावून लावा असं सगळे सांगतात. चिमणीच ना ती? मन होत नाही.

मन न होणं स्वाभाविक आहे. ही तीच आपल्या काऊ-चिऊच्या गोष्टीतली चिमणी, तीच जात. महाराष्ट्रात ती शहरांतून कमी झाली म्हणून आपण हळहळतो. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन सुरू झाला तोही नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने. पण अमेरिकेत चिमणी मूळची नाही. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती ब्रुकलिनमध्ये आणून सोडली गेली आणि तिथून खंडभर पसरली. ढोलीत घरटं करणाऱ्या इथल्या पक्ष्यांना तिच्याशी सामना करायची सवय नव्हती.

मार्टिन आकाराने मोठा असूनही हरतो. चिमणी बारा महिने तिथेच असते, तो येण्याआधीच भोक धरून बसते, आणि नर चिमणा शेजारच्या घरट्यांतली अंडी चोचीने फोडतो, कोवळी पिल्लं मारतो. अंड्यावर टोकदार भोक आणि आत वाळलेला बलक दिसला तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. चंद्रकोरीचं दार त्याला अडवत नाही, कारण तो स्टार्लिंगहून बराच लहान आहे.

करायचं काय? आधी आमंत्रण बंद करा. डेकवर तांदूळ, बाजरी, पोळीचे तुकडे टाकायची आपली सवय मार्टिनच्या अंगणात चालत नाही, फोडलेल्या मक्याचा फीडरही नको. मार्टिन दाणे खातच नाहीत, त्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही. मग दारं वेळेआधी उघडू नका. उघडल्यावर दर तीन-चार दिवसांनी भोपळे बघा. गवत, पिसं, कागदाचे कपटे, प्लास्टिकच्या पट्ट्या असा छतापर्यंत भरलेला पसारा चिमणीचा असतो. अंडी येण्याआधीच तो काढून टाका, पिशवीत बांधून. खांबाखाली टाकलात तर तासाभरात परत वर जाईल.

एक अडचण इथे सांगायलाच हवी. मार्टिन बसल्यावर चिमणीचं घरटं नुसतं काढत राहिलं तर नर चिडून आजूबाजूच्या मार्टिनची घरटी उद्ध्वस्त करतो. त्यामुळे त्या टप्प्यावर अनुभवी लोक नराला भोपळ्यातच सापळ्याने पकडतात. सापळा लावला की दर अर्ध्या तासाला बघायचाच, कारण त्यात ब्लूबर्ड किंवा झाडभिंगरीसारखा (ट्री स्वॅलो) संरक्षित पक्षीही अडकू शकतो आणि त्याला तिथल्या तिथे सोडायचं असतं. पकडलेली चिमणी दुसऱ्या गावात सोडणं हा उपाय नाही, नुकसान फक्त दुसऱ्याच्या अंगणात जातं. काही शिकारी पक्ष्यांची पुनर्वसन केंद्रं अशा चिमण्या घेतात, आधी फोन करून विचारा. हे काही जमणार नसेल तर भोपळे कमी ठेवा आणि अंडी येण्याआधीचं काम काटेकोर करा. काहीच न करणं हा पर्याय मात्र नाही. तसं केलं तर तुम्ही मार्टिनना आमिष दाखवून त्यांची पिल्लं मारायला दिल्यासारखं होतं.

कायदा स्पष्ट आहे: अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने मार्टिन आणि इतर मूळ पक्षी, त्यांची अंडी, घरटी संरक्षित आहेत, चिमणी आणि युरोपियन स्टार्लिंग नाहीत. म्हणून हात लावण्याआधी ओळख पक्की करा. अंडी बघा. मार्टिनची शुभ्र पांढरी, एक ठिपका नाही. चिमणीची मळकट पांढरी, तपकिरी ठिपक्यांची. स्टार्लिंगची फिकट निळसर. झाडभिंगरीचीही पांढरी असतात, पण लहान, आणि घरट्यात पिसं भरपूर. ती संरक्षित आहे. तिने भोपळा धरला तर ३० फूट दूर, पाच फूट उंचीवर तिच्यासाठी वेगळी पेटी लावा, बहुतेकदा वाद मिटतो.

आणि स्टार्लिंग?

साळुंकीच्या कुळातली. १८९० मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडलेल्या काही डझन पक्ष्यांपासून तिचा इथला विस्तार सुरू झाला. लांब चोचीने ती प्रौढ मार्टिनलाही भोपळ्यात कोंडून मारते. उपाय सरळ आहे: चंद्रकोरीची दारं. एकदम सगळी बदलली तर नवखे तरुण पक्षी बिचकू शकतात. स्टार्लिंग फिरकत नसेल तर पहिल्या वर्षी निम्मी गोल ठेवा आणि जोडी बसून घरटं बांधायला लागली की बदला. स्टार्लिंग दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी बदला.

अचानक थंडी पडली तर काय करायचं?

मार्टिन फक्त उडते किडे खातो, तेही हवेत पकडून. तापमान १० अंश सेल्सियसच्या, म्हणजे ५० फॅरनहाइटच्या खाली गेलं किंवा पाऊस लागून राहिला की किडे उडत नाहीत. एखादा दिवस पक्षी काढतो, तीन-चार दिवस झाले की मरायला लागतो. फेब्रुवारी २०२१ च्या टेक्सासमधल्या हिमवादळात लवकर आलेले मार्टिन असेच मोठ्या संख्येने गेले. जून १९७२ मध्ये अॅग्नेस चक्रीवादळाच्या सलग पावसाने पेनसिल्व्हेनियातल्या वसाहतीच्या वसाहती ओस पडल्या होत्या. घरात हीटर लावून प्रश्न सुटत नाही. त्यांना मारते ती भूक.

म्हणून खायला घालायला शिका, आणि थंडी पडायच्या आधीच सामान आणून ठेवा. पाळीव प्राण्यांच्या दुकानातले रातकिडे फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागतील तेवढे वितळवा. ते नको असतील तर अंड्याची भुर्जी: तेल, मीठ, कांदा, मिरची काही न घालता कोरड्या तव्यावर शिजवलेली, वाटाण्याएवढे तुकडे करून. पाव, भात, दाणे अजिबात नकोत.

देण्याची पद्धतही शिकावी लागते. बसलेल्या मार्टिनला थाळीतलं अन्न हे अन्न आहे हेच कळत नाही. प्लास्टिकच्या चमच्याच्या टोकावर एक रातकिडा ठेवा, चमचा मागे वाकवा आणि पक्ष्याच्या समोरून वर उडेल असा सोडा. पहिले वीस-तीस वाया जातील. मग एखादा पक्षी हवेतून उचलतो, आणि त्याला बघून बाकीचे दहा मिनिटांत शिकतात. सरावले की खांबाच्या उंचीवर टांगलेल्या उघड्या थाळीतूनही खातात. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. फार अशक्त झालेला पक्षी झेपावतच नाही. दिवसातून दोनदा, सकाळी आणि उन्हं उतरण्याआधी घाला.

साप, रॅकून, घुबड यांचं काय?

खांबाला संरक्षण नसेल तर एका रात्रीत पूर्ण वसाहत जाते, आणि वाचलेले पक्षी त्या जागी परत येत नाहीत. पत्र्याची ८ इंच व्यासाची, २ ते ३ फूट लांब नळी खांबाभोवती सैल बसवा, तिचं वरचं तोंड बंद आणि जमिनीपासून चार-पाच फुटांवर. रॅकून त्यावर थांबतो. दक्षिणेकडचे लांब रॅट साप तेही पार करतात, म्हणून नळीच्या खाली पाऊण इंची जाळी सैल गुंडाळा. साप तिच्यात अडकतो. रोज बघा आणि अडकलेला साप कात्रीने जाळी कापून सोडवा, रॅट साप विषारी नसतो. खांबाला ग्रीस लावायचा सल्ला ऐकू नका. ते दोन आठवड्यांत सुकतं आणि पक्ष्यांच्या पिसांना लागतं.

सकाळी खांबाखाली पिसांचा ढीग किंवा तुटलेला पंख दिसला तर रात्री घुबड आलं होतं असं समजा. चौकटीभोवती तारेचा पिंजरा लावा, दारांपासून निदान सहा इंच पुढे, मार्टिन सहज जाईल पण घुबडाचा पाय पोचणार नाही एवढ्या फटींचा.

मार्टिन दिवसाला दोन हजार डास खातात, हे खरं आहे का?

नाही. घरं विकण्यासाठी पसरलेला हा दावा आहे. मार्टिन दिवसा आणि उंच शिकार करतात, डास संध्याकाळनंतर जमिनीलगत उडतात. त्यांच्या खाण्यात चतुर, भुंगे, पतंग, माश्या आणि पंखवाल्या मुंग्या असतात. दक्षिणेतल्या अंगणांना छळणाऱ्या लाल फायर अँटच्या उडत्या राण्याही ते खातात. लॉनवर कीटकनाशक मारत असाल तर थांबवा, तुम्ही त्यांचं ताट रिकामं करत आहात.

घरटी किती वेळा तपासायची? पक्षी सोडून जाणार नाहीत ना?

दर पाच ते सात दिवसांनी, कोरड्या, उबदार दिवशी, दहा ते चारच्या मध्ये. जाणार नाहीत. तपासलेल्या वसाहतींतच पिल्लं जास्त जगतात, कारण अडचण वेळेत दिसते. प्रत्येक भोपळ्याला क्रमांक द्या आणि वहीत तारीख, अंडी, पिल्लं लिहा. मादी रोज एक अशी चार ते सहा अंडी घालते आणि १५-१६ दिवस उबवते. पिल्लं २६ ते ३२ दिवसांची झाली की उडतात. अंड्यातून पिल्लं बाहेर आल्याच्या तारखेची नोंद मोलाची असते, कारण सर्वांत मोठं पिल्लू २२ दिवसांचं झालं की तो भोपळा उघडायचा नाही. त्यानंतर उघडलात तर पिल्लं घाबरून वेळेआधी उड्या मारतात.

घरटं ओलं असेल किंवा पिल्लांच्या अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) वळवळताना दिसले तर पिल्लं कापड घातलेल्या डब्यात ठेवा, जुनं घरटं काढा, सीडरचे कोरडे काप घाला, मधोमध खळगा करा, पिल्लं परत ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. जुने लोक कार्बारिल पावडर टाकायला सांगतात. टाकू नका, ते कीटकनाशक आहे आणि पिल्लं त्यातच बसून राहतात. गांधीलमाश्या छताला पोळं धरत असतील तर पोळं खरवडा आणि आतून साध्या साबणाची वडी चोळा.

खाली पडलेल्या पिल्लाला हात लावला तर आई टाकून देते ना?

नाही, हा समज इथेही आहे आणि आपल्याकडेही. उचला आणि त्याच्याच घरट्यात ठेवा. कुठलं ते कळत नसेल तर वहीतून त्याच वयाची पिल्लं असलेला भोपळा शोधा. पाय किंवा पंख मोडला असेल तर परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा, घरी ठेवून उपचार करणं बेकायदा आहे.

अंड्यांची टरफलं ठेवावीत का?

जरूर. अंडी घालणाऱ्या माद्यांना आणि वाढत्या पिल्लांना कॅल्शियम लागतं. टरफलं धुवा, जंतू मरण्यासाठी ओव्हनमध्ये भाजा, हाताने चुरा करा आणि उघड्या थाळीत मोकळ्या जागी ठेवा.

पहिल्या वर्षी कोणीच आलं नाही. घर काढून टाकावं का?

नाही. तीन गोष्टी तपासा: झाड ४० फुटांच्या आत आलं आहे का, दारं मार्टिन येण्याआधीच चिमण्यांनी धरली का, आणि पहाटेचं गाणं तरुण पक्षी येण्याच्या काळात लागलं होतं का. शेजारच्या भागात वसाहत असेल तर लवकर जमतं, नसेल तर दोन-तीन हंगाम लागणं नेहमीचं आहे. आणि जून संपला म्हणून घर उतरवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये नुकती उडालेली पिल्लं आणि त्या वर्षी जोडी न जमलेले तरुण पक्षी पुढच्या वर्षाच्या जागा बघत हिंडतात. तुमचं घर त्यांनी आत्ताच पाहिलेलं असलं पाहिजे.

मग उतरवायचं कधी?

आठवडाभर एकही मार्टिन दिसला नाही की, साधारण ऑगस्टअखेर. तोवर ते हजारोंच्या थव्यांनी रात्री एकत्र बसायला गेलेले असतात. दक्षिण कॅरोलायनातल्या लेक मरेमधलं छोटं बेट त्यासाठी प्रसिद्ध आहे. हातमोजे आणि मास्क घालून घरटी काढा, कारण वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीत जाते. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी अशा मिश्रणाने भोपळे धुवा, भरपूर पाण्याने खळबळा, उन्हात पूर्ण वाळवा. दोऱ्या, कप्प्या आणि दारांचे स्क्रू बघा, झिजलेली दोरी तेव्हाच बदला. मग दारांना बुचं लावून सगळं गराजमध्ये ठेवा. खांब तसाच उभा राहू द्या.